दुसऱ्याच्या वर्गात चालेल असा पाठ: कलाशिक्षकांच्या ऑनलाइन गटाविषयी वाचकांचे प्रश्न

पाठ, नमुने आणि सरावपत्रकं एकमेकांना देता यावीत म्हणून कलाशिक्षक ऑनलाइन गट करतात. असे गट उभे करताना आणि चालवताना येणाऱ्या अडचणींबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: आमचा ऐंशी कलाशिक्षकांचा व्हॉट्सॲप गट आहे. रोज चांगले फोटो, पाठ, व्हिडिओ येतात, पण हवं तेव्हा काहीच सापडत नाही. वेबसाइट करून घ्यावी का?

वेबसाइट आत्ता नको. तुमची अडचण वेगळी आहे: गप्पा आणि साठा एकाच जागी चालले आहेत. गप्पा वाहत्या असतात, आज आलेला पाठ परवा शंभर निरोपांखाली जातो. गप्पांसाठी व्हॉट्सॲप राहू द्या आणि साठ्यासाठी एक सामायिक ड्राइव्ह उघडा. त्यात एक स्प्रेडशीट हवी, ती म्हणजे साठ्याची यादी. स्तंभ एवढे पुरे: क्रमांक, पाठाचं नाव, माध्यम, वयोगट, लागणारा वेळ, फाइलची लिंक, कोणी दिला, कोणत्या परवान्याखाली दिला आणि "वर्गात करून पाहिला का". हा शेवटचा स्तंभ सगळ्यांत मोलाचा आहे. शोधणारा आधी तिथेच बघतो.

फोल्डर इयत्तेप्रमाणे करू नका. एकच पाठ पाचवीलाही चालतो आणि सातवीलाही, मग त्याच्या दोन प्रती होतात आणि दुरुस्ती एकीतच होते. माध्यमाप्रमाणे करा: जलरंग, माती, छापकाम, कोलाज, रेखाटन. फोल्डरमध्ये फोल्डर एवढी एकच पायरी ठेवा. तिसऱ्या पायरीपर्यंत कोणी उतरत नाही.

फाइलच्या नावात सुरुवातीला यादीतला क्रमांक घाला. काही जुन्या संगणकांवर झिप फाइल उघडली की देवनागरी नावांची अक्षरं फुटतात. क्रमांक शाबूत राहतो आणि त्यावरून यादीत पाठ सापडतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला पाठ दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, आणि पीडीएफ केला तरी त्यात मराठी शब्द शोधता येत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. सरावपत्रक किंवा चित्राचा फोटो साठ्यात जाणार असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, म्हणजे मूळ आकार टिकतो. आठवड्यातून एकदा दोघांनी बसून गप्पांमधलं चांगलं साहित्य साठ्यात हलवावं. हे काम कोणाच्या नावावर नसेल तर ते होत नाही, म्हणून नावं आणि वार ठरवून टाका.

प्रश्न: सदस्य पाठ पाठवतात, पण ते वाचून वर्गात करता येत नाहीत. एका पाठात नेमकं काय काय असावं?

पाठ लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या वर्गात दहा वेळा केलेला असतो, त्यामुळे अर्ध्या गोष्टी त्याच्या हाताला माहीत असतात आणि कागदावर येतच नाहीत. पाठाची कसोटी एकच: लिहिणाऱ्याला एकही फोन न करता अनोळखी शिक्षकाला तो उद्या घेता आला पाहिजे. त्यासाठी प्रमाणं, वेळ आणि बिघडण्याच्या जागा लिहिलेल्या हव्यात. "थोडा पातळ रंग" म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा रंग.

नमुना म्हणून मेणखडू आणि पातळ रंगाचा नेहमीचा पाठ घेऊ. मेणखडूने चित्र काढायचं, वरून पाण्यासारखा रंग फिरवायचा. जिथे मेण आहे तिथे रंग बसत नाही आणि रेषा उजळून निघते. छत्तीस मुलं, वय ९ ते ११, सलग दोन तासिका म्हणजे ८० मिनिटं असं धरलं, तर पाठ असा लिहावा:

साहित्य: ए४ आकाराचे सुमारे २०० जीएसएमचे ४२ कागद (सहा जास्तीचे, कारण पाच-सहा मुलं पहिल्यांदा बिघडवतातच; जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड). मेणखडू. चार मुलांमागे एक अशा नऊ वाट्या रंग आणि नऊ वाट्या स्वच्छ पाणी. रंगासाठी १०० मिली गडद निळा किंवा काळा पोस्टर कलर, त्यात ८०० मिली पाणी, प्रत्येक वाटीत १०० मिली. एक इंच रुंदीचे चपटे ब्रश १८, दोघांत एक. प्रत्येक टेबलाला एक जुनं फडकं.

वेळ: ५ मिनिटं वाटप, १० प्रात्यक्षिक, २५ रेखाटन, २० रंग फिरवणं, १० वाळवणं आणि एकमेकांची चित्रं पाहणं, १० आवरणं. आवरण्याचा वेळ पाठात लिहिलाच पाहिजे. तो न लिहिलेले पाठ शेवटी कोलमडतात, आणि पुढचा तास ज्यांचा असतो ते शिक्षक दारात येऊन उभे राहतात.

त्यानंतरचा भाग बहुतेक पाठांत नसतो, तो म्हणजे कुठे बिघडतं आणि का. कागद ७० किंवा ८० जीएसएमचा असेल तर तो ओला होऊन लाटा धरतो, खोलगट जागी रंगाची तळी साचतात आणि तिथे मेणावरही डाग राहतो. मुलं खडू हलक्या हाताने फिरवतात, तेव्हा मेण कागदाच्या उंचवट्यांवरच बसतं, मधले बारीक खड्डे उघडे राहतात, रंग त्यात शिरतो आणि रेषा तुटक दिसते. यावर सोपी खूण अशी: रेषेवरून बोट फिरवलं की ती गुळगुळीत लागली पाहिजे. रंग दाट झाला तर तो मेणावरच थर धरून सुकतो आणि चित्र झाकून टाकतो. ब्रश त्याच जागी पुन्हापुन्हा घासला तरी तेच होतं, म्हणून एका जागी एक-दोनच फटकारे. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने काढताना मुलांना आपली रेषा दिसत नाही. कागद खिडकीकडे तिरका धरला की मेणाची चमक दिसते.

आणि एक बाब हमखास सुटते. "धुऊन निघणारे" म्हणून मिळणारे खडू पाण्यात विरघळावेत असेच बनवलेले असतात, त्यांनी हा पाठ साधत नाही. रंगीत पेन्सिलीनेही परिणाम फिका येतो. ऑइल पेस्टलने छान होतो. बदली साहित्याचं हे एक वाक्य पाठात असलं, तर वेगळं साहित्य हाताशी असलेला शिक्षकसुद्धा तो पाठ घेऊ शकतो. नसलं, तर छत्तीस मुलांसमोर त्याचा तास फुकट जातो आणि तो शिक्षक पुन्हा साठ्याकडे वळत नाही.

पाठासोबत चार फोटो मागा: मांडलेलं साहित्य, अर्धवट झालेलं काम, पूर्ण झालेलं काम आणि बिघडलेलं काम. बिघडलेल्या कामाचा फोटो पाठवायला लोक कचरतात, पण शिकवणाऱ्याला त्याचाच सगळ्यांत जास्त उपयोग होतो.

प्रश्न: मुलांच्या चित्रांचे फोटो पिवळट, करडे किंवा चमक मारलेले येतात. चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?

नाही. ए४ कागद ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आत. बारा मेगापिक्सेलचा साधा फोन त्याला पुरतो. चुका प्रकाशाच्या असतात.

पिवळटपणा येतो तो दोन जातींचे प्रकाश एकत्र आल्याने: खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा. दिवे बंद करा. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ चित्र सपाट ठेवा, खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे अंधारी बाजू उजळते. फ्लॅश कधीच नको. ऑइल पेस्टल, वार्निश किंवा जाड पेन्सिलीचं काम चमकतं तेव्हा चित्र जागेवरच फिरवून बघा. प्रकाश बाजूने तिरपा आला पाहिजे, तुमच्या पाठीमागून किंवा डोक्यावरून नाही.

पांढरा कागद करडा येतो, कारण फोन सगळ्या दृश्याची सरासरी काढतो आणि मोठा पांढरा भाग दिसला की तो काळसर करतो. पडद्यावर कागदावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. फिकट रंग उडायला लागले की थांबा.

फोन कागदाला समांतर हवा. बऱ्याच फोनमध्ये जमिनीकडे धरल्यावर दोन अधिकचिन्हं दिसतात, ती एकमेकांवर आली की कोन बरोबर. फार जवळून घेतलेल्या फोटोत कागदाच्या कडा फुगीर येतात, त्यामुळे थोडं उंचावरून, दोनपट झूम करून घ्या. पेन्सिलीच्या रेखाटनाला स्कॅनर उत्तम. फिक्या जलरंगाला मात्र तो नको, अगदी हलक्या छटा तो पांढऱ्यात जमा करतो.

सरावपत्रकांबद्दल एवढंच: बहुतेक शाळांत ती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर जातात, आणि झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स निघते. पत्रक साठ्यात टाकण्याआधी दुसऱ्या पिढीची प्रत काढून बघा. करड्या छटा तिथे एक तर नाहीशा होतात किंवा काळ्या ठिक्क. छटेऐवजी रेघा किंवा ठिपके वापरा आणि चारही बाजूंना दीड सेंटिमीटर समास सोडा.

प्रश्न: इंटरनेटवरची चित्रं आणि पुस्तकातली पानं सदस्य सर्रास टाकतात. शिक्षणासाठीच तर आहे, मग काय हरकत?

वर्गात दाखवणं आणि शेकडो लोकांना उतरवून घेता येईल अशा साठ्यात ठेवणं यांत फरक आहे. शिक्षणासाठी कायद्यात सवलती असतात, पण त्या बहुधा वर्गापुरत्या. पुस्तकाची स्कॅन केलेली पानं साठ्यात ठेवू नका. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक द्या. तंत्रावर कोणाची मालकी नसते, मालकी असते ती त्या लेखकाच्या शब्दांवर आणि चित्रांवर. तेव्हा तोच प्रयोग स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या फोटोंसह लिहिला की अडचण उरत नाही.

कलाकृतींसाठी तर उत्तम साठे खुले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा 'सीसी झिरो'खाली खुल्या केल्या ('सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, आपलं काम इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने). क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयाने २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये तेच केलं. 'सीसी झिरो' म्हणजे विचारावं लागत नाही, बदल करता येतात, छापताही येतं. मात्र त्यांच्या संकेतस्थळावरची प्रत्येक प्रतिमा खुली नसते, त्या त्या प्रतिमेखालची खूण बघूनच उतरवा.

चित्रकाराच्या हयातीनंतर किती वर्षं हक्क टिकतो हे देशादेशांत वेगळं आहे: अनेक ठिकाणी ७०, काही ठिकाणी ६० किंवा ५०. होकुसाई १८४९ मध्ये गेले, व्हॅन गॉग १८९० मध्ये. त्यांच्या चित्रांना अडचण नाही. पिकासो १९७३ मध्ये गेले, त्यांची चित्रं साठ्यात ठेवू नका, संग्रहालयाच्या पानाची लिंक द्या.

सदस्यांनी स्वतः लिहिलेल्या पाठांसाठी पहिल्याच दिवशी एक परवाना ठरवा. 'सीसी बाय' (नाव द्या आणि हवं तसं वापरा) किंवा 'सीसी बाय-एसए' (नाव द्या आणि बदललेला पाठही याच अटीवर द्या) यांपैकी एक निवडा. 'एनडी' असलेला परवाना पाठांना निरुपयोगी आहे, कारण त्यात बदललेली आवृत्ती वाटता येत नाही आणि शिक्षक पाठ बदलल्याशिवाय घेतच नाही. 'बाय-एसए' आणि 'बाय-एनसी-एसए' (तेच, पण व्यापारी वापराला मनाई) हे दोन परवाने एका पाठात मिसळता येत नाहीत, म्हणून सगळ्यांचा परवाना एकच हवा. परवाना एकदा दिला की ज्यांनी पाठ घेतला त्यांच्याकडून तो परत घेता येत नाही, हे सदस्यांना आधीच सांगा.

प्रश्न: आठ-दहा जणच देतात, बाकीचे नुसते बघतात. सगळ्यांना द्यायला कसं लावायचं?

सगळ्यांनी द्यावं ही अपेक्षाच सोडा. बघणारे तुमचे पाठ घेऊन वर्गात जात असतील तर गटाचं काम होत आहे. त्यांच्याकडून पाठ मागू नका, वापराचा निरोप मागा. तीन ओळी पुरेत: किती वयाच्या किती मुलांसोबत केला, काय बदललं, कुठे अडलं. असे पाच निरोप आलेला पाठ नव्या पाच पाठांपेक्षा भारी असतो, कारण तो पाच वर्गांतून तावून आलेला असतो. हे निरोप यादीत त्या पाठाच्या पुढे नोंदवा आणि निरोप देणाऱ्याचं नावही तिथे लिहा.

"काहीतरी टाका हो" या विनंतीला कोणी उत्तर देत नाही. "मातीची भांडी वाळताना कान तुटतायत, कोणी काय केलं?" याला देतात. दर महिन्याला एक माध्यम घ्या आणि त्यातला एकेक अडलेला प्रश्न विचारत राहा. नव्या सदस्याने पहिल्यांदा काही दिलं की चोवीस तासांच्या आत कोणीतरी नेमकं उत्तर द्यावं. अंगठा आणि फुलांचा गुच्छ हे उत्तर नव्हे. "तुमच्या तिसऱ्या फोटोत कागद लाटा धरलेला दिसतोय, जीएसएम किती होतं?" असं विचारलं की माणसाला कळतं, कोणी तरी खरोखर पाहिलं.

सर्वोत्कृष्ट पाठाची स्पर्धा आम्ही सुचवणार नाही. स्पर्धा लागली की लोक निवडक देखणी चित्रं पाठवतात, ती बहुतेकदा वर्गातल्या दोन तयार हातांची असतात, आणि बाकी चौतीस मुलांचं काय झालं ते कळत नाही.

गट नव्याने सुरू करणार असाल तर आठ-बारा जणांनी आधी पंचवीस-तीस पाठ पूर्ण करून साठ्यात ठेवावेत आणि मगच दार उघडावं. रिकाम्या फोल्डरमध्ये पहिली फाइल टाकायला कोणी धजत नाही.

प्रश्न: मुलांच्या चित्रांवर त्यांची नावं असतात. ती झाकावीत का?

हो. नाव, इयत्ता, शाळेचा शिक्का, गणवेशावरचं बोधचिन्ह, चेहरा, यांतलं काहीही साठ्यात जाऊ नये. हात आणि काम दिसलं की पुरे. वय लिहा, "दहा वर्षांच्या मुलीचं काम" एवढं पुरतं. नाव फोटोत रंगाने पुसण्यापेक्षा फोटो घेण्याआधी कागदाची पट्टी ठेवा, ते सोपं आणि पक्कं आहे. फोनने घेतलेल्या फोटोत ठिकाणाची नोंदही दडलेली असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण बंद करा. आणि चित्रावरचा हक्क त्या मुलाचा असतो, शिक्षकाचा किंवा शाळेचा नाही, म्हणून पालकांची लेखी परवानगी घ्या आणि मुलालाही विचारा. मूल नको म्हणालं तर तो फोटो टाकू नका.

प्रश्न: एका सदस्याने प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात बुडवून ठसा घेण्याचा पाठ टाकला आहे. तो काढून टाकावा का? त्यांना वाईट वाटेल.

आजच काढा. प्लास्टर घट्ट होताना तापतं. मोठ्या गोळ्याचं तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. हात आत असेल तर उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते आणि प्लास्टर कडक झाल्याने हात ओढूनही निघत नाही. यात मुलांच्या बोटांना कायमची इजा होऊ शकते. हाताचा ठसा हवाच असेल तर दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या ओल्या मातीच्या थापीत हात दाबायचा, हात काढून घ्यायचा आणि मग त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतलं तर ते नळीतच घट्ट होतं.

फाइल काढताना गुपचूप काढू नका. यादीतली ओळ तशीच ठेवा, लिंकच्या जागी कारण आणि सुरक्षित पर्याय लिहा, कारण ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्यापर्यंत हे पोहोचायला हवं. गटावरही कळवा. त्या सदस्याशी आधी स्वतंत्र बोला आणि सुधारलेला पाठ त्यांच्याच नावाने घ्या. ही चूक अनेकांकडून होते.

पुढे असं होऊ नये म्हणून उष्णता, पातं, धूळ आणि द्रावक (टर्पेंटाइनसारखे रंग विरघळवणारे द्रव) यांपैकी काहीही असलेला पाठ दोघांनी तपासल्याशिवाय साठ्यात जाऊ नये. तपासणाऱ्यांना नेमकं काय बघायचं ते लिहून द्या. वाळलेल्या मातीची धूळ झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची, कारण तिच्यात सिलिका असते आणि ती श्वासातून आत गेली तर फुफ्फुसांना घातक असते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर हवेशी संयोग होऊन ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. ती पसरून वाळवायची किंवा पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. हे पाठात लिहिलेलं नसेल तर पाठ परत पाठवा.

प्रश्न: साठा ज्यांच्या खात्यावर आहे त्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. काय काळजी घ्यावी?

गटाच्या नावाने वेगळं खातं काढा आणि त्याच्या चाव्या किमान तिघांकडे ठेवा. सामायिक फोल्डरमध्ये सदस्याने टाकलेली फाइल बहुधा त्याच सदस्याच्या मालकीची राहते. त्याचं खातं बंद झालं की फाइलही जाते. म्हणून साठ्यात आलेल्या प्रत्येक फाइलची प्रत गटाच्या खात्यातून काढा आणि यादीत त्या प्रतीची लिंक द्या. दर तीन महिन्यांनी सगळा साठा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. डिस्क खातेदाराच्या घरी न ठेवता दुसऱ्याकडे ठेवा. उतरवल्यावर वेगळ्याच संगणकावर कोणत्याही पाच फाइल उघडून बघा. बाई अजून वर्षभर आहेत, तेव्हा खातं याच महिन्यात बदला, म्हणजे काही राहिलं तर त्यांना विचारता येईल.